करंट गेल्यावर

शेफिल्डच्या वाचनालयात, तळघरातल्या खोलीत,
दर गुरुवारी साडेसहाला आम्ही सात जण
अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्सला जातो.
हीटर खोकतो. कोट कुणी काढत नाही.

मिस ऑलरेनशॉ टेबलावरून चुंबक उचलतात,
त्याला एक टाचणी, तिला दुसरी, तिला तिसरी.
ही देवता, म्हणतात, हा कवी, हा त्याचं म्हणून दाखवणारा,
आणि ही शेवटची, जेमतेम लोंबणारी, म्हणजे आपण.
कवीला स्वतःचं काही कळत नसतं, असा त्या अथेन्सवाल्याचा दावा;
शुद्ध गेल्याशिवाय ओळ येत नाही.
मग फळ्यावर एक लांबलचक ग्रीक शब्द लिहून
त्याची फोड करतात : आत. देव.

माझ्या तोंडून मराठीतच निघतं, अंगात येणं!
सगळे बघतात. आता सांगणं आलं.

नंदुरबारला आमच्या गल्लीत भिकूबाई कासारीण होती.
अमावास्येला तिच्या अंगात यायचं.
केस सुटायचे, आवाज बाप्याचा व्हायचा,
एरवी दोन वाक्यं धड न जोडणारी बाई
ठेक्यात बोलायची, यमकासकट.
वारं उतरलं की विचारायची, काय बोलले गं मी?
आणि चहा मागायची, साखर जास्त.

इतकं सांगितलं. हे नाही सांगितलं
की दुसऱ्या दिवशी तीच बाई
माझ्या मुठीची हाडं लोण्यासारखी दाबत
सव्वादोनची काच मनगटावर चढवायची,
डझनातली एकही न वाढवता.
तेव्हा तिच्या अंगात कोण असायचं?

कोपऱ्यातून स्टॅनिफोर्थ बोलला.
एकतीस वर्षं त्यानं भंगारच्या यार्डात क्रेन चालवली :
खोलीएवढं चुंबक, बटण दाबलं की
शेगड्या, सायकली, कुणाच्या तरी पलंगाच्या स्प्रिंगा
सगळं वर, हवेत.
"आणि बंद केलं की खाली. तो आवाज, मिस,
तुमच्या त्या माणसानं ऐकलेला दिसत नाही."
मग चष्मा पुसत, जरा वेळानं,
"मऊ लोखंड झटकन धरतं, झटकन सोडतं.
पोलाद हट्टी. उशिरा धरतं.
पण करंट गेल्यावरही त्यात थोडं उरतं.
माझी जुनी पट्टी अजून खिळे उचलते."
मिस ऑलरेनशॉनी हे वहीत लिहून घेतलं.
टेबलावरची तिसरी टाचणी कधी पडली
कुणी पाहिलं नाही.

ट्रामच्या थांब्यावर वारं होतं,
अंगात येणारं नव्हे, नुसतं कानात शिरणारं.
दिवसभर मी दातांच्या दवाखान्यात फोन उचलते.
पर्समध्ये अपॉइंटमेंटची एक चिठ्ठी आहे, तिच्या पाठीवर एक ओळ,
एका कवळीच्या आणि एका रूट कॅनॉलच्या मध्ये आलेली.
कशी आली, माहीत नाही. दुसरी आली नाही.
तीन आठवडे झाले.
रोज तिच्यातला एक शब्द काढते, परत ठेवते,
मूठ आवळून बघते, सैल सोडून बघते,
चढत नाही.

घरी आल्यावर, कोट अंगातच,
शिवणाच्या डब्यातली सुई घेतली
आणि टाचणीजवळ नेली, अगदी हळू.

टाचणी हलली.
किंवा माझा हात.