सतरा नंबरचा कान

नाव विनिफ्रेड हॅस्लम.
नाशकातल्या तांबट आळीत ते कुणाच्या जिभेला वळलं नाही,
म्हणून हासलबाई.
छप्पन्न साली टांग्यातून उतरली,
मांडीवर लाकडी खोकं, तान्ह्या पोरासारखं धरलेलं.
त्यात आवाज होते. बारीक, सुटे,
एकेका बटणामागे एकेक.

तिला शांतता हवी होती.
आळी हसली.
इथे बाळ झोपतं ते मठाराच्या ठेक्यावर,
ठोका थांबला की रडत उठतं.

वडलांनीच सुचवलं: अमावास्या.
त्या दिवशी ऐरणीला हळदकुंकू, हातोडे पालथे.
सात अमावास्या ती आली,
आमच्या कोळशाच्या तळघरात घोंगड्या टांगून बसली.
मी मॅट्रिकला. इंग्रजी फाडफाड नव्हे, फाटकंच,
तरी दुभाषी मीच.
"आवाज आला की बोट वर करा."
दामोदरकाकांचं बोट वरच राहिलं,
बाईला वाईट वाटू नये म्हणून.

वडील सतरा नंबर.
कागदावर रेघ सरळ चालत आली
आणि चार हजारांपाशी
विहिरीत उतरली.
तिने पेन्सिल ठेवली.
चहा मागितला, बिनसाखरेचा.

दुसऱ्या दिवशी तिने पाहिलं,
तेच वडील नवा तांब्या उचलतात,
काठ दातांत धरून टिचकी मारतात,
म्हणतात, "बुडाशी चीर आहे."
उन्हात धरला. केसाएवढी चीर.
"हाडातून ऐकता?"
"हाड कसलं बाई, तांबंच बोलतं."
तिच्या शास्त्राप्रमाणे
तिथे हाडही बहिरंच असायला हवं होतं.
वहीच्या कडेला तिने प्रश्नचिन्ह काढलं,
गळासारखं,
आणि तो तांब्या मागून घेतला.
फुटक्या मालाचे पैसे वडील घेईनात.

पुढचं पत्रांतून कळलं.
त्या विहिरीवर निबंध, मग खुर्ची,
मग लीड्सजवळची अख्खी संस्था, दोनशे माणसं.
एका जहाजाच्या कारखान्यात
तिच्या हट्टाने कामगारांच्या कानात बोळे आले.
आम्हालाही डबाभर पाठवले.
वडलांनी एक दिवस घातले,
"घरात कुणी गेल्यासारखं वाटतं," म्हणून काढले.
आईने ते तेलाच्या बाटल्यांना लावले.

"दिवसभर अंदाजपत्रकं," तिने एकदा लिहिलं,
"प्रयोग करून चार वर्षं झाली.
काम माझी माणसं करतात, मी पैसे आणून देते.
सतरा नंबर कसे आहेत?"
दर पत्राच्या शेवटी हेच.
ब्याऐंशी साली ते गेल्याचं मी कळवलं.
पुढच्या पत्रातही प्रश्न तोच.
सवय असेल.
मीही मग लिहीत राहिले, बरे आहेत.

काल तिच्या भाचीचं पाकीट आलं, वहीसकट.
शेवटची नऊ वर्षं बाई ठार बहिरी होती,
घरात पाटीवर लिहून बोलणं चालायचं.
एक तांब्याचा तांब्या मात्र
रोज सकाळी दातांशी न्यायची, टिचकी मारायची.
आम्हाला वाटलं, वयाचा भ्रम.
त्यात पाणीही राहत नाही.
त्याचं काय करू?

उत्तर लिहायला बसले आहे.
आळीत आता चारच हातोडे उरलेत,
त्यातला एक भिंतीपलीकडे, प्रभाकरचा.
टेबल हलतंय, शाई हलतेय.
मी पेनचं टोपण दातांत धरलंय,
आणि अजून काही लिहिलेलं नाही.