जाळी

ऑक्टोबरात देल्फिना ओकची बोंडं वेचते,
सिएराच्या पायथ्याशी, उतारावर, गुडघे टेकून.
टोप्या काढून बादलीत टाकते.
तरंगतात ती पोकळ,
आत अळी सगळं आटोपून गेलेली.
बुडतात ती ठेवायची.
तिची आई माणसंही अशीच पारखायची.

कुरणात म्हातारे ओक तेवढे उरलेत,
निळसर पानांचे, दोन-दोनशे वर्षांचे,
आणि कुणाच्याच पायाशी पोर नाही.
कोंब बोटभर झाला की हरीण येतं,
हरीण चुकलं तर गाय,
गाय चुकली तर भुईखालून गोफर.
मग सकाळी रोप उभंच असतं,
हात लावला की अलगद हातात येतं,
खाली मूळ नाही.

म्हणून जाळी. कोंबड्यांच्या खुराड्याची,
हातभर पुरलेली, कंबरभर वर.
आत बोंड आडवं ठेवायचं.
ते आधी खाली जातं,
हिवाळाभर वर काही कळू देत नाही.
पाच वर्षांत गुडघ्याएवढं झालं तर नशीब.
व्हर्जिल, तिचा नवरा, पिकअपला टेकून विचारतो,
याची सावली कुणाला मिळणार?
ती म्हणते, ती पक्कड दे.

गेल्या उन्हाळ्यात कुंपणाकडचा एक ओक
दुष्काळाने वाळला. मांडीएवढा, फार जुना नव्हे.
कापताना करवतीतून ठिणग्या उडाल्या.
लाकडाच्या आत, सालीपासून चार बोटं खोल,
गंजलेले षट्कोन,
एकाला एक लागून.

बाबांनी झाड लावलेलं कुणी पाहिलं नव्हतं.
बाबा गुरांबद्दल बोलायचे, कर्जाबद्दल,
पावसाबद्दल तर रोजच.
याबद्दल अवाक्षर नाही.
लावलं, जपलं,
आणि जाळी सोडायला आले नाहीत.
झाड तारेला टेकलं,
मग तार गिळून वाढत राहिलं.

तो ओंडका तिने जाळला नाही.
अजून गोठ्याशी पडून आहे,
मांजर त्यावर बसतं.

आज जानेवारी, धुकं.
सगळ्यात जुन्या जाळीपाशी ती पक्कड घेऊन उभी.
खोड मनगटाएवढं, फांद्या गाईच्या तोंडाच्या वर.
एक एक तार तोडते. बोटाला लागतं, चोखते.
जाळी उलगडते तसं झाड जरासं डुलतं,
इतकी वर्षं वाऱ्याने याला फक्त वरूनच हात लावला होता.

उतारावर एक हरीण, कान उभे.
देल्फिना त्याच्याकडे बघते.
जाळी हातातच आहे अजून, गुंडाळलेली.