ओस्लो–व्हिएन्ना, मार्गे धनकवडी

एकतीस वर्षं स्वारगेटच्या केबिनमध्ये बसलो.
गाडी आली, गाडी गेली, एवढंच लिहिलं.
कात्रज ते निगडी किती, विचारा,
झोपेतून उठवून विचारा.
पण किती वेळ लागतो म्हणालात
तर मी आधी विचारणार : वार कुठला, वाजले किती,
आणि ड्रायव्हर कोण?

आता धनकवडीच्या बाल्कनीत
रद्दीतून आणलेला ॲटलास आहे,
गोधडीचा दोरा आहे, फूटपट्टी आहे.
ओस्लोत हेमांगी. व्हिएन्नात वृंदा.
दोरा ताणून धरला तर पावणेसात सेंटिमीटर,
म्हणजे साडेतेराशे किलोमीटर,
विमानाला दोन तास वीस मिनिटं.

दोन तास वीस मिनिटं!
गणपतीत टिळक रोडच्या तोंडाशी
आमची गाडी याहून जास्त वेळ उभी असे,
आणि आतली अनोळखी माणसं
एकमेकांना शेंगदाणे देत.

दोघींची घड्याळं एकच वाजवतात, मी तपासलंय.
उन्हाळ्यात इथे रात्रीचे साडेनऊ, तर दोघींकडे सहा.
म्हणजे दोघी एकाच वेळी कांदा चिरत असणार.

तीन वर्षं दोघींत शब्द नाही.
माझ्या बायपासला एक आली, एक आली नाही.
जी आली ती बोलली.
जी आली नाही, तीही बोलली.
मी तेव्हा भुलीत होतो,
नाहीतर मध्ये पडलो असतो.

दिवाळीत दोघींना एक वेळापत्रक करून पाठवलं,
आखीव कागदावर, थांबे लाल शाईत,
शुक्रवारी संध्याकाळी सुटणारं, रविवारी परत आणणारं.
खाली लिहिलं, भाडं माझ्याकडे.
हेमांगीनं नुसता अंगठा पाठवला.
वृंदानं तोही नाही.

परवा शनिवारी ओस्लोला फोन लावला.
ट्यूबलाइटचा स्टार्टर गेलाय, एवढंच सांगायचं होतं.
हं, हं, मग बदला ना बाबा, म्हणाली.
मागे कुकर होता.
शिट्ट्या मोजायची सवय जात नाही माझी :
एक. दोन. तीन. चार.
आणि आतून कुणीतरी ओरडलं, ‘पाच झाल्या गं!’

आमच्या घरात शिट्ट्या ओरडून सांगणारी
एकच पोरगी होती,
आणि ती हमखास एक जास्त मोजायची.

मी काही विचारलं नाही.
केबिनमधल्या रजिस्टरात
उशिराचं कारण लिहायला रकाना होता.
एकतीस वर्षं तो मी कोरा सोडला.
वरून साहेबांची बोलणी खाल्ली.

फोन ठेवला. स्टुलावर चढलो, स्टार्टर फिरवला,
दिवा काही लागला नाही.
मग अंधारातच जुनी वही शोधली,
पेन दोनदा झटकलं, आणि अंदाजाने लिहिलं :

व्हिएन्ना गाडी. आली.
शेरा : भात कच्चा.