पायमोज्याची शिवण

सव्वासात.
मिर्कोचा डावा पायमोजा परत जमिनीवर.
शिवण टोचते, म्हणतो.
मी शिवण करंगळीवरून सरकवते, तळव्याकडे ओढते,
मोजाच उलटा करून घालते, शिवण बाहेर.
तरी टोचते.
मग पोट दुखतं. मग डोळ्यांत पाणी.
कुठे दुखतं? तो बोट ठेवतो
रोज निराळ्या जागी,
आणि खोटं बोलत नसतो.

पुन्ता अरेनासमध्ये ऑक्टोबरचा वारा
छपराच्या पत्र्याखाली बोटं घालून उचकटत असतो.
नेल्सन खाडीत, माशांच्या पिंजऱ्यांवर, चौदा दिवस.
रेंज आली की विचारतो, गेला का शाळेत?
जसं कुणी विचारावं, ताप उतरला का.
नाही, मी म्हणते.
मग आम्ही दोघं वाऱ्याबद्दल बोलतो.

आई म्हणते, आमच्या वेळी नव्हतं असलं काही.
होतं की.
निको मामा तीन वर्षं कोठारात झोपायचा
आणि तुम्ही म्हणायचात,
त्याला मेंढ्यांचा लळा आहे.

मानसोपचाराच्या बाईंची तारीख मिळालीय, अकरा मार्च.
फ्रिजवर लावलीय, पेंग्विनच्या चुंबकाखाली.
तोवर एक कागद दिलाय:
श्वास चार आकडे आत, सहा बाहेर.
मिर्को सहापर्यंत पोचत नाही.
मी तर चारालाच ओरडते.

कालही ओरडले.
काय ते इथे लिहीत नाही.
एवढंच, की त्याने स्वतःचे कान झाकले नाहीत,
धाकट्या रायेनचे झाकले.

आज तिला शेजारी सोडून आले,
मोजा हातात घेऊन पायरीवर बसले
आणि उठताच येईना.
रडू नाही, राग नाही,
नुसतं भिजलेलं घोंगडं,
कुणी पिळायचं, कुठल्या टोकाने, कळेना.
सात चाळीस. सात पन्नास.
घंटा आमच्याशिवाय वाजली असणार.
मिर्को आला, शेजारी टेकला,
माझ्या पायांकडे बघत म्हणाला,
तुझीपण टोचते?

हो.
कुठे?
मी बोट ठेवायला गेले
तर जागाच सापडेना.
त्याने मान हलवली,
दवाखान्यातला जुना रुग्ण
नव्याला बघून हलवतो तशी.

शाळेला फोन केला.
कारण काय लिहू, तिकडून विचारलं.
पोट, म्हणाले. मग म्हणाले, थांबा, खोडा.
लिहा, दोघांनाही जमलं नाही.
थोडा वेळ पेनाचा आवाज नाही.
मग ती बाई हळूच म्हणाली,
तसा रकाना नाही हो इथे.

माझं काम बोटीच्या तिकीटखिडकीवर.
सामुद्रधुनीपलीकडच्या गावाचं नाव पोर्वेनिर,
म्हणजे आमच्या भाषेत भविष्यकाळ.
वारा असला की बोट सुटत नाही
आणि दिवसभर मी माणसांना सांगत राहते,
आज पोर्वेनिर बंद.
मिर्को आत, माझ्या स्टुलापाशी,
उघडा डावा पाय हीटरसमोर धरून.
एक म्हातारा, हातात कोंबडीच्या पिल्लांचं खोकं,
काचेवर टकटक करून चिडला, मग कधी उघडणार?
मी तोंड उघडायच्या आत मिर्कोच म्हणाला,
आम्हाला माहीत नाही.
पण बसा, तो बाक गरम आहे.

परतताना चौकात पालिकेने बांधलेला दोर धरून चाललो.
मध्येच तो थांबला,
शाळेकडचा रस्ता बघितला, बराच वेळ.
मी काही बोलले नाही.
हे न बोलणं
मला दोन्ही बाळंतपणांपेक्षा जड गेलं.

रात्री कोटाच्या खिशात मोजा सापडला.
माझ्याच पायात चढवून बघितला,
टाचेपर्यंतसुद्धा येत नाही.
पण खरंच,
टोचते की.