जाऊन येऊ काय

स्लाइड चौऱ्याहत्तर. स्त्री, वय एकसष्ट, गाव निपाणी.
नाव दुसऱ्याच कुणाचं,
तरी मी फॉर्म दोनदा वाचला.

जेवणाची सुट्टी. शिपाई सोमनिंग फ्रिजला टेकून
कन्नडात फोनवर भांडतोय.
भिंतीपलीकडे वडगावचे माग, खटक खटक,
एकाच्या तालात दुसरा नाही.

काचेवर मूत्राशयाचं अस्तर, गुलाबी, जांभळं.
सगळ्यात वर पसरट मोठ्या पेशी,
खालच्या तीनचार जणींना अंगाखाली घेऊन बसलेल्या.
पुस्तकात त्यांना छत्री म्हणतात.
मला विचाराल तर इरलं,
खानापुराकडं रोप लावताना बायका पाठीवर घेतात तसलं.

पेशीचं आवरण म्हणजे रबर नाही.
शंभरात दोनतीन भाग ताणलं की फाटतं.
मग भरून येतं तेव्हा ती पेशी काय करते?
आत, पृष्ठभागाच्या जरा खाली,
चपट्या पिशव्या असतात रचलेल्या,
ट्रंकेतल्या शहापुरी लुगड्यांसारख्या, घडीवर घडी.
भरू लागलं की त्या वर सरकतात,
कडेला टेकतात, उघडतात,
आणि कडच होऊन जातात.
त्यांच्यावर बारीक फरश्या असतात, टणक,
मधे बिजागऱ्या.
एक फरशी ताणत नाही. फरश्या वाढतात.

मोकळं झालं की तेच सगळं परत आत,
घडी पडते, विटलेलं आतच मोडीत निघतं,
नवं विणायला घेतलं जातं.
हे सगळं मोकळं होण्यावर अवलंबून.
हे वाक्य पुस्तकात नाही, मी पेन्सिलीनं लिहिलंय.

आमची आई तंबाखूच्या वखारीत होती. बावीस वर्षं.
चाळणीवर सत्तर बाया, संडास एक,
किल्ली मुकादमाच्या करगोट्याला.
मागायची म्हणजे त्याच्यासमोर उभं राहायचं,
आणि तो विचारायचा, आत्ताच गेलतीस नव्हं?
म्हणून आई चहा निम्मा ठेवायची.
शेजारची गंगव्वा तर दुपारपर्यंत पाण्याला शिवायची नाही.
आई चुळबुळ करायला लागली की ती न बघता म्हणायची,
तडी, ताराक्का, तडी.
कन्नडात त्याचा अर्थ थांब.
आमच्यात तड म्हणजे काठ,
आणि पोट भरून आलं की जी लागते तीही तडच.
दोघी एका शब्दात बसायच्या, सहा वाजेपर्यंत.

मी दारात, हातात गणिताचा पेपर, सही पाहिजे.
ती चप्पलसुद्धा न काढता
थांब गे, थांब गे म्हणत मागच्या अंगणात पळायची.
अंगाला जर्द्याचा वास. मला राग यायचा,
आधी माझ्याकडे बघत नाही म्हणून.

सोशिक होती, असं आता नात्यातले म्हणतात.
ठेवणीतलं काढून काढून बाहेर लावत होती,
एवढंच मला दिसतं, एवढंच या काचेत दिसतं.
ठेवणीत काय उरलं, ते मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही.

चौऱ्याहत्तरमध्ये डाव्या कोपऱ्यात
इरली नाहीत.
खालच्या बारक्या पेशी तशाच उघड्या, दाटीवाटीनं.
मी तिथं शाईचा ठिपका दिला. पुढचं डॉक्टर बोलतील,
मी बोलायचं नसतं.

आई सध्या माझ्याकडे आहे. दोन खोल्या, दोघीच.
रात्री जेवणानंतर मालिका चालू असते,
ती पदर सावरते, पुन्हा बसते,
जाहिरात लागेपर्यंत थांबते,
मग माझ्याकडे न बघता विचारते,
जाऊन येऊ काय?

आधी मी ओरडायचे, विचारतेस काय गे, घर आपलंय.
आज उठले,
बाहेरचं बटण दाबून आतला दिवा लावला.

ती आत गेली. कडी न लावताच.
आणि लगेच, भरभर, पाण्याचा आवाज.
बाहेर रांग नाही, आई.