सुसर

गाजराला खरवडायचं ते, त्याचं नाव गेलं.
ओट्याशी उभी राहून सासूबाईंना म्हटलं,
द्या ना ते... ते.
बाळंतिणीचं डोकं, त्या हसल्या,
दुधाबरोबर वाहून जातं थोडं थोडं.

राजमहाल रोडवरच्या औषधाच्या दुकानात सहा वर्षं
डॉक्टरांचे कोंबडीचे पाय वाचले मी,
एक गोळी चुकली नाही.
आता मुलगी शेवटचं कधी प्यायली
ते कॅलेंडरवर लिहिते,
दुधवाल्याच्या खाड्यांशेजारी.

पण ऐकू मात्र फार यायला लागलंय.
यशोधन घोरतो,
खाली दांडिया बाजारात रात्री दोनला ट्रक मागे घेतात,
मला जाग येत नाही.
ती नुसते ओठ चाटते
आणि मी उठून बसलेली असते,
पान्हा माझ्याही आधी जागा.

हे मी सगळ्यांना सांगते.

जे सांगत नाही ते असं:
तिला कोवळं ऊन दाखवायला गॅलरीत नेलं, तिसरा मजला,
आणि माझ्या हातांनी तिला कठड्यावरून सोडलं.
सोडलं नाही.
पण पाहिलं.
दुपटं हवेत उलगडताना पाहिलं,
खाली कुंदनबेनची स्कूटर,
सीटवर वाळत घातलेली पिशवी,
अगदी स्पष्ट.

तेव्हापासून गॅलरीचं दार बंद.
ऊन बाधतं तिला, मी सांगते.
विळीवर फडकं टाकलंय.
आंघोळ जशीबेनवर सोपवली.

जशीबेन विश्वामित्रीच्या काठच्या वस्तीतून येते.
पाय पसरून, त्यावर पोर पालथं घालून,
तेलाच्या हाताबरोबर तोंडही चालू:
काल रात्री म्हणे काठावरच्या मातीतून आवाज आला,
अंड्यांच्या आतून,
कोंबडीच्या पिल्लांसारखा.
तशी सुसर वर आली, माती उकरली,
आणि एकेक पिल्लू उचलून नेलं पाण्याकडे.
मोढामां, बेन. तोंडात!
त्याच तोंडात,
होळीच्या आदल्या दिवशी ज्यानं
भरवाडाचं वासरू ओढलं होतं.

एखादं गिळत नसेल?
मी विचारलं. माझाच आवाज लांबून आला.

जशीबेनचा हात थांबला नाही.
दात तर असणारच ना, म्हणाली,
ते कुठे काढून ठेवणार?
पण तोंडात काय आहे ते तिला ठाऊक असतं.
मग बऱ्याच वेळानं, पोरीच्या पाठीकडे बघत,
माझ्या थोरल्याच्या वेळी
मी चुलीजवळ जायचीच नाही, बेन.

गुरुवारी टाके दाखवायच्या निमित्तानं
डॉक्टर नीपा त्रिवेदींकडे गेले, एकटी.
गॅलरी सांगितली. दुपटं. स्कूटरसुद्धा.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
करावंसं वाटतं, की होईल याची भीती वाटते?
भीती.
म्हणाल्या, या खुर्चीवर असं सांगून
पुष्कळ जणी गेल्यात,
आणि न सांगता गेल्या त्या वेगळ्या.
म्हणाल्या, मेंदूची छाटणी चाललीय तुमच्या.
काही फांद्या जातात, पहारा वाढतो,
आणि नवा पहारेकरी
सावलीवरही काठी उगारतो.
झोप हवी तुम्हाला. यशोधनना घेऊन या पुढच्या वेळी.

चिठ्ठी मी जिन्यातच वाचली.
ओळखीची गोळी.
कितीदा काउंटरवरून पुढे सरकवली होती,
ओढणीखाली बाळ घेऊन आलेल्या बायकांना,
सुटे आहेत का, एवढंच विचारून.

रस्त्यात मधेच थांबले.
किसणी!
मोठ्यानंच म्हटलं असणार,
रिक्षावाला वळून म्हणाला, क्यां जवुं छे, बेन?

यशोधनला अर्धंच सांगितलंय अजून.
तो रात्री दोनची बाटली देतो,
मी दुसऱ्या खोलीत तरी ऐकतेच.
गॅलरीचं दार चार बोटं उघडतं आता.
तेवढ्यातून ऊन येतं, तिच्या तळव्यापर्यंत.
मी उंबऱ्याच्या आत उभी,
तिला दोन्ही हातांत धरून,
दात सगळे जागच्या जागी.