तळ बघा

गंगापूर रोडच्या काचेच्या ऑफिसातून
बोरशांचा शार्दूल आला लॅपटॉप घेऊन,
भांडी बाजारातल्या माझ्या पोटमाळ्यावर
वाकून चढला, तरी तुळईला डोकं आपटलंच.
म्हणाला, मॅडम, ऑनलाइन दुकानात
एकदा आलेलं गिऱ्हाईक टिकवावं लागतं.
मेल आपोआप जातील. तुम्ही फक्त निवडा.

तांदूळ निवडावेत तशी
मी चष्मा लावून बसले.

पहिला, स्वागताचा. असू दे.
दारात आलेल्याला या म्हणायला काय पैसे पडतात?
पडतात, तो म्हणाला. हजारामागे.

दुसरा, टोपली अर्धी टाकून गेलेल्यांना.
तासाने, मग दिवसाने, मग तीन दिवसांनी :
'तुमचा हंडा तुमची वाट बघतोय!'
मला गल्ल्यावरचे मामंजी आठवले.
बाई हंडा उचलायची, बोटाच्या पेराने वाजवायची,
नाद विरेपर्यंत कान देऊन ऐकायची,
आणि ठेवून सरळ दहीपुलाकडे चालू लागायची.
मामंजींनी कधी मागून हाक मारली नाही.
म्हणायचे, नाद गेलाय तिच्याबरोबर.
ती संध्याकाळी यायची. कधी पुढच्या गुरुवारी.
कधी नाहीच;
मग ते हंडा पुसून पालथा घालायचे.

तिसरा वाढदिवसाचा, दहा टक्के सूट.
हा मार्चमध्ये चाचणी म्हणून पाठवला होता
आणि चारशे बारा माणसांना गेलं :
प्रिय ग्राहकाचे नाव, अनेक शुभेच्छा.
उत्तर एकच आलं,
पळशाच्या कुमुदिनी गायधनींचं.
'ताई, नाव विसरलात, चालेल.
वाढदिवस श्रावणात असतो.
पातेलं छान आहे.'

चौथ्यापाशी मी अडले.
'आम्हांला तुमची आठवण येते.'
नव्वद दिवसांत काही न घेतलेल्यांना.
शार्दूलने यादी काढली, लाल अक्षरांत : निष्क्रिय.
सटाण्याचे आहेर, तांब्याचा बंब.
देवळालीच्या मिस डिमेलो, परात.
सिडकोतले वाघचौरे, सहा फुलपात्रं, एक कळशी.

निष्क्रिय?
अरे, त्या बंबात रोज पहाटे पाणी तापतं.
नीट बसलेला ठोका
माणसाला तीस वर्षं दुकानाकडे फिरकू देत नाही.
जो परत आला नाही
त्याला आम्ही चांगलं भांडं दिलं.
बहुतेक.
वाघचौऱ्यांच्या कळशीची झाळ कच्ची होती,
हे मला माहीत आहे, त्यांनाही असणार.

मग धंदा कसा चालायचा, शार्दूलने विचारलं.
खरंच विचारलं त्याने.
खाली गल्लीत एकच हातोडी चालू होती.
मी थोडा वेळ तीच ऐकली.

मग सगळ्या खुणा काढल्या, स्वागत तेवढं ठेवलं,
आणि स्वतः एक मेल लिहिला.
पितळेचं पातेलं घेतल्यापासून आठ महिन्यांनी :

'पातेल्याचा तळ बघा.
पांढरा लखलखीत असेल तर हे पुसून टाका.
पिवळा दिसू लागला असेल
तर त्यात चिंच-कोकम शिजवू नका.
कल्हई झिजली आहे. आमच्याकडे पाठवा,
जाण्यायेण्याचा खर्च आमचा.
गावात कल्हईवाला असेल तर त्यालाच द्या,
कथील चोख आहे ना, एवढं विचारा.'

फार लांब झालं, शार्दूल म्हणाला.
आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडे कोण पाठवतं?
मी चहा मागवला.

तो गेल्यावर यादी पुन्हा उघडली.
गायधनींनी पातेलं मार्गशीर्षात नेलेलं.
बोटांच्या पेरांवर मोजलं :
पौष, माघ, फाल्गुन,
आठवं पेर श्रावणाचं निघालं.
त्यांच्या मेलाखाली एक ओळ वाढवली,
नाव घालून.
ती आपोआप जाणार नाही.
मला लक्षात ठेवावं लागेल.